घोडीचं नाव आहे, माणसाचं नाही

मंगळवार, ७ ऑक्टोबर १९५८ रोजी सकाळी दहाला ग्लेन अर्डिच इस्टेटीच्या कारभाऱ्यांनी मला कामावरून काढलं आणि माझं सगळंच बदललं. म्हणून मी, मर्डो गिलँडर्स, वय तेवीस, कॉलेज अर्धवट सोडलेला, हरणांच्या शिकारीवरचा हाताखालचा गडी, पूर्ण शुद्धीत व कुणाच्या दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. उद्या लीथ बंदरातून देवमाशांच्या शिकारीच्या बोटीवर चढतो आहे. तिकडून सगळेच परतत नाहीत.

१. घर माझं नाही, तेव्हा ते कुणाला देण्याचा प्रश्न नाही. इथे नोकरी तोवर छप्पर. पणजोबा फिनले यांनाही इथलंच एखादं मिळालं असेल. दोन वर्षं शोधलं, कुठलं ते कळलं नाही.

२. पणजोबांच्या शोधाच्या माझ्या वह्या अ‍ॅबरडीनला आईकडे जाव्यात. आजीला पणजोबांबद्दल एकच गोष्ट ठाऊक होती: मारलेली हरणं डोंगरावरून उतरवणारी त्यांची घोडी, पेगी. तेवढ्यावर मी कॉलेज सोडून इथे आलो. इस्टेटीच्या शिकारवहीत १८८२ सालापासून पेगी सापडली. हरणाचं वजन, लॉर्डसाहेबांचं नाव, वारा कुठला, आणि शेवटी "पेगी व एक माणूस". एक्केचाळीस वेळा. मी एक्केचाळीस वेळा समोर शाईनं "फिनले गिलँडर्स" लिहिलं.

३. कारभारी पेटिग्रू यांना माझं पेन. ते म्हणाले, "वही इस्टेटीची आहे, गिलँडर्स."
मी म्हणालो, "माणूस आमचा होता, साहेब."
"माफीची चिठ्ठी लिही, राहा."
लिहिली नाही. पेन त्यांनीच वापरावं.

४. ओव्हरकोट मुख्य शिकारी अ‍ॅलेक मॅक्रे यांना. त्यांनी मला वारा वाचायला शिकवला. त्यांच्या मुलीकडे बघताना पकडलं, तेव्हा एवढंच म्हणाले, "पोरा, हरीण वरच्या अंगाला आहे."

५. पितळी दुर्बीण त्यांच्या मुलीला, इशबेलला. तिच्यातून मी हरणांपेक्षा मॅक्रेंचं अंगणच जास्त पाहिलं. ती कपडे वाळत घालताना चिमटे दातांत धरते. हे सोडून जाणं मला जमत नाहीये, तरी चाललो आहे.

साक्षीदार: हेक्टर बेन, पोस्टमास्तर.

दुसऱ्या सहीसाठी अ‍ॅलेकना बोलावलं होतं. आली इशबेल. उभ्यानंच सगळं वाचलं.
"माफीच्या चार ओळी लिहायच्या होत्या, हट्टी माणसा. मी रोज दिसले असते."
"त्या लिहिल्या असत्या, तर तुला तोंड दाखवता आलं नसतं."
तिनं पेन उचललं. हेक्टरकाका म्हणाले, "अगं, जिला मिळायचंय तिनं साक्ष करू नये. दुर्बीण जाईल तुझी."
"जाऊ दे. हा मेल्यावर मला याचं काही नको," ती म्हणाली आणि सही केली. "जे द्यायचं ते परत येऊन दे."

साक्षीदार: इशबेल मॅक्रे.

कलम पाच रद्द समजावं. दुर्बीण सोबत नेतो आहे.

मर्डो गिलँडर्स
ग्लेन अर्डिच, ९ ऑक्टोबर १९५८

चूल विझवली. कागद टेबलावर ठेवला आहे. बाहेर पडून दार ओढून घेतो.