विळ्याच्या मुठीतली तबकडी

आबा, तुमी गेलात ते वय मी कधीच मागं टाकलं. आता मी तुमच्याहून थोरली आहे, तेव्हा जरा तोंड सोडून बोलले तर ऐकून घ्या. शाळा चौथीत सुटली, म्हणून अक्षर हे असं. नातवाच्या जुन्या वहीतली कोरी पानं फाडून घेतलीत आणि ओट्यावर बसलेय. समोर विळा आहे. तुमी मला लग्नात दिलेली गाण्याची तबकडी ह्या विळ्याच्या मुठीत आहे, ती तिथं कशी गेली ते सांगणारच आहे. आत पोरगी झोपलीय, माझ्या थोरल्याची लेक, किकवीला दिलेली. ती का आलीय तेही सांगते. पण आधी तुमचं काढते, कारण तुमचं कुणी कधी काढलंच नाही. मेलेल्या माणसाला सगळे चांगलंच म्हणतात.

भाटघरला धरणावरच्या बंगल्यात तुमी स्वयंपाक करायचात. सायब गोव्याकडचा होता, त्याचा भाऊ मुंबईत हॉटेलात पितळी कर्णा वाजवायचा. सायबाची बदली झाली तेव्हा त्यानं तुमाला चावीचा फोनो दिला आणि वर तबकड्यांची चवड. समुद्रापलीकडच्या काळ्या लोकांची गाणी. त्यांचे आजे-पणजे बाजारात बैलासारखे विकले गेले, जल्मभर दुसऱ्याच्या कापसात राबले, असं सायबानं तुमाला सांगितलेलं आणि तुमी साऱ्या आळीला. जाझ आणि ब्लूज हे दोन शब्द तुमी साखर वाटावी तसे वाटत फिरलात. तिथंच थांबला असतात तर ठीक होतं, पण तुमाला नाद लागला. पुण्याला गेलात की जुना बाजार. तिथं ह्या तबकड्यांना कुत्रं विचारत नव्हतं, म्हणून तुमाला त्या भरपूर मिळायच्या. एकदा आई म्हणाली, "मिठाला धाडलं तर परातीयवढी काळी भाकर घिऊन आलं. खावा आता अळणी."

इंग्रजी तुमाला वाचता येत नव्हतं, मग तुमीच नावं पाडलीत. एक घोंगडीवाली, तिचा आवाज अंगाला टोचायचा पण ऊब द्यायचा. एक दात पडलेला, तो गाता गाता मधेच फिसकन हसायचा. कर्ण्याच्या एका तबकडीला तुमी पोळा म्हणायचात. सुया संपल्या की बाभळीचा काटा तासून लावायचात, आणि काट्यावर आवाज मऊ येतो म्हणून पुढं सुया आणायचंच सोडलंत. आमी पोरं काटे वेचून आणायचो. तुमी ते नखावर टोचून बघायचात आणि निम्मे फेकून द्यायचात.

रविवारी आपल्या ओट्यावर माणसं यायची. कुणाचा बैल मेलेला, कुणाची शेतं धरणात गेलेली, कुणाचं तसंच काहीतरी, जे तोंडानं सांगता येत नाही. तुमी कुणाला काय झालं ते विचारत नव्हता. माणसाच्या तोंडाकडं बघायचात, चांगला वेळ लावून बघायचात, आणि मग चवडीतून एक तबकडी काढायचात. खालच्या आळीतल्या म्हाताऱ्यानं एकदा घोंगडीवाली मागितली, तर तुमी म्हणालात, "तुला आज ती न्हाई. तू जेवला न्हाईस. घरी जा, भाकर खा, मग ये." त्यानं शिवी दिली आणि गेला. जेवून परत आला. मी हट्ट केला की मला मात्र बोलणी बसायची. "पोट भरल्यावर लोणचं चाटल्यागत गाणं ऐकू नगंस." माझं तोंड तेव्हा तुमी बघत होता, हे मला पक्कं आठवतंय.

मग मला हिकडं दिलं, मार्गासनीच्या वर, डोंगराच्या अंगाला. वऱ्हाड निघालं तेव्हा तुमी मला गोठ्यामागं नेलंत आणि जुन्या धोतरात गुंडाळलेली एक तबकडी हातात दिलीत. मी म्हटलं, "आबा, तिथं फोनो न्हाई." तुमी म्हणालात, "ठावं हाय. वाजवायला न्हाई दिली. सोसंना झालं की ही घिऊन ये. तू काय सांगायचं न्हाईस, मी काय इचारायचं न्हाई. आपल्या फोनोवर लावू, आन मग तुला माघारी धाडणार न्हाई." कुणाच्या बापानं असं काही दिलं नव्हतं. भांडी देतात, गादी देतात, पाळणा देतात. तुमी परतीची वाट दिलीत. मी धोतर पोटाशी धरून हिथवर आले. सासूनं ते उघडून बघितलं आणि चार बायांत म्हणाली, "बापानं झाकण दिलंय, भांडं इसरला वाटतं." साऱ्या हसल्या. मीपण हसले, कारण बोलणं खरंच झकास होतं.

मालकांचा मार कशानं पडायचा ते लिहीत बसत नाही. मीठ जास्त झालं तरी आणि कमी झालं तरी. तबकडी कणगीमागं होती. भाताची कापणी तोंडावर आली आणि ह्या विळ्याची मूठ ढिली झाली. लोहार मुठीत लाख भरून पातं बसवतो, पण लोहार पडला खाली नसरापूरच्या वाटेला, आणि आमच्या मालकाला ठाऊक होतं की असल्या तबकड्या लाखेच्या असतात. त्यांनी कणगीमागून ती काढली, वरवंट्यानं फोडली, तुकडे मुठीच्या भोकात कोंबले आणि विळ्याचं शेपूट चुलीत लाल करून आत खुपसलं. कासाराच्या दुकानात येतो तसा वास घरभर झाला. मूठ मात्र अशी बसली की आजवर हलली नाही. मालक जाऊन किती वर्षं झाली, दोन पाती घासून संपली, प्रत्येक वेळी तीच लाख तापवून नवीन पातं बसवलं. मी त्या विळ्यानं भात कापलं, गवत कापलं. हाताला घाम आला की अजून तो वास येतो.

त्या दिवाळीला मी माहेरी आले. पिशवी घेऊन मालक मागं उभे. माझं उजवं मनगट सुजलेलं, वाढताना मी डाव्या हातानं वाढत होते. तुमी माझ्या हातांकडं बघितलंत, पण मनगट नाही बघितलं, रिकामा हात बघितला. "तबकडी न्हाई आणलीस?"

"न्हाई."

"बेस झालं. म्हंजे बरं चाललंय तुजं." आणि तुमी खूश होऊन काटा तासायला बसलात. पोळा लावलात. जावयाला पान दिलंत.

आबा, साऱ्या गावाचं तोंड बघून तबकडी काढणारा माणूस तुमी. लेकीला खूण देऊन ठेवलीत आणि मग खुणेकडंच बघत बसलात. तोंडाकडं बघायचं काम संपलं तुमचं. आईनं माझं मनगट बघितलं होतं. ती काही बोलली नाही. तिला तरी कुणी कधी तबकडी दिली होती?

पुढं तुमी गेलात. भावानं फोनो भंगारात घातला. तबकड्या लोहारानं उचलल्या, त्याला फुकटात लाख मिळाली. घोंगडीवाली, दात पडलेला, पोळा, सगळे भाटघरच्या मुठींत जाऊन बसले. गावात किती विळ्यांत तुमचं गाणं आहे, कापणाऱ्यांना पत्ता नाही.

आता पोरीचं सांगते. परवा एसटीनं आली, एक पिशवी घेऊन. म्हणाली, "आजी, सहज आले, आठ दिस राहीन." गाल सुजलेला. म्हणाली, दार लागलं. मी म्हटलं, "दाराला पाची बोटं हायत का गं?" ती पिशवी घेऊन आत गेली. तिचा बाप, म्हणजे माझा लेक, रात्रीपासून एकच लावून बसला. "रविवारी नेऊन सोडतो. पावणं चांगलं हायत. घर हायवेला हाय."

"हायवेला हाय म्हंजी अँबुलन्स लवकर यील. तेवढंच चांगलं," मी म्हटलं.

"आई, तुजं तोंड लई वाईट हाय."

"तोंड माजं वाईट आन गाल तिचा सुजला व्हय? बघ की जरा तिच्याकडं." त्यानं नाही बघितलं. चप्पल घातली आणि रानात गेला. तुमच्याच रक्ताचा आहे.

काल ती माझ्याबरोबर ओट्यावर बसली होती. मी विळा घासत होते, तेव्हा मुठीची गोष्ट निघाली आणि मी सगळी सांगितली. तिनं मोबाईल काढला. तुमची काळी माणसं सगळी त्यात आहेत, आबा. एकाचं संपलं की तो आपणच दुसरं लावतो. 'हेपण आवडंल' म्हणून ऐकणाऱ्याला सांगतो, पुढ्यात कोण बसलंय ते न बघता. बरीच गाणी अशी गेली. मग एक बाई लागली, खरखरीत, आणि माझा हात विळ्यावर थांबला. घोंगडीवालीच असावी. नसली तर तिची बहीण असंल. पोरगी इतका वेळ कोरडी होती, ती मुसमुसायला लागली. मी परत विळा घासायला लागले. बरं वाटंल असं काय बोलायचं ते मला येत नाही, तुमाला ठाऊक आहे.

गाणं संपल्यावर तिनं विचारलं, "आजी, ती तबकडी फुटली नसती तर तू गेली असतीस?"

तेव्हा मी तिच्या तोंडाकडं बघितलं. तुमी बघायचात तसं, वेळ लावून. तिला काय लागंल ते मला दिसलं. मी म्हटलं, "दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं."

"खरं?"

"मग काय खोटं? बापानं वाट दिलेली. बसून राहायला मी येडी होते का?"

संध्याकाळी बाप रानातून आला तेव्हा ती उभी राहिली आणि म्हणाली, "पप्पा, मी न्हाई जाणार." तो माझ्याकडं बघत राहिला. जेवला नाही. रविवारी किकवीची माणसं येतील, गाडी घेऊन येतील, गोड बोलतील. ती टिकंल का नाही सांगता येत नाही. माझ्या म्हाताऱ्या शब्दावर उभी आहे, दुसरं काही नाही तिच्यापाशी.

आणि तो शब्द खोटा आहे. मालकांनी तबकडी फोडायच्या आधी ती दोन सुगी कणगीमागं धडधाकट होती. मार तेव्हाही होता. मी अधूनमधून काढायचे, पदरानं पुसायचे, परत ठेवायचे. एकदा धोतरात गुंडाळून फाट्यापर्यंत गेले. एसटी थांबली. कंडक्टर म्हणाला, "चढायचं का बाई?" मी म्हटलं, "न्हाई, उगंच उभी हाय." गाडी गेली. घरी येऊन भाकरी टाकल्या. फोडली तेव्हा तर मला थोडं सुटल्यासारखं झालं. आता जायला नको, ठरवायला नको. मग साऱ्याचा राग तुमच्यावर ढकलला आणि जल्म काढला.

आत बांगड्या वाजल्या, पोरगी उठली वाटतं. हे कागद तिच्या हाती लागून चालणार नाही. चूल पेटवायचीच आहे, त्यात घालते.