धाकटीच्या अंगणातला निवडुंग

ता. ५ एप्रिल १९७६, सोमवार
निवडुंगाला अकरा कळ्या. धाकट्या जावंच्या, शेवंताच्या अंगणावरनं जाता जाता मोजल्या. झाड आमच्या ह्यांचं. दौंडला रेल्वेत व्हते तवा फांदी आनून तेलाच्या डब्यात लावल्याली. हे गेले आन् तेराव्यालाच शेवंतानं डबा उचलला. चार बायांदेखत म्हनली, "आक्का, तुमच्या दारात आता लाल फूल बरं दिसंल व्हय?" इसरले न्हाई.

ता. ६
शेवंता आली. शुक्रवारच्याला, १६ ला, तिच्याकडं चैत्रातल्या गौरीचं हळदीकुंकू. गौरीपुढं तीच फुलं पायजेत. मला बोलावनं न्हाई, सल्ला तेवढा पायजे. "कळ्या धरल्यात, पानी किती घालू?"
हे म्हनायचे, कळ्यांवर आलं की मातीत काडी खुपसून बघायची. कोरडी निघाली तरच पानी, तेबी थोडं. आन् डबा जाग्यावरनं हलवायचा न्हाई.
मी म्हनलं, "अगं, पोटुशी हाय ती. सकाळ-संध्याकाळ दोन दोन तांबे घाल. डबा रोज फिरव, चौफेर ऊन लागूंदे." मान हलवत गेली. मी पदर तोंडात कोंबला.

ता. ९
हापशावर गाठलं. "पोटुशीचं डोहाळं काय म्हनत्यात?"
"आक्का, दोन कळ्या गळाल्या."
"तहानली आसंल. तीन तांबे कर."

ता. ११
सहा गेल्या. भाकर लई गोड लागली आज.

ता. १३
शेवंता रानात गेल्याली. गुपचूप जाऊन झाड दाबून बघितलं. बुडाला मऊ, पिवळं. कळ्याच न्हाई, झाडच सडाया लागलंय. ह्यांच्या हातचं. घरी येऊन जेवले न्हाई. तरी तिला सांगितलं न्हाई. सांगू कशी, मीच पानी घालाया लावलं म्हनून?

ता. १४
सकाळीच दारात. रडवेली.
"एकच कळी ऱ्हायली. काय करू, आक्का?"
"सांगून व्हनार न्हाई. मलाच हात लावाया पायजे. शुक्रवारी येते. बाया बसल्या आसतील तवा, पुढच्या दारानं."
मग म्हनली, "लोकं काय म्हनतील?"
"मग घाल जा पानी."
गेली. वट्यावरनं बघत व्हते. भरला तांब्या घिऊन डब्याजवळ लई येळ हुबी व्हती. मग वाकली. पाठ माझ्याकडं. वतलं का न्हाई, दिसलं न्हाई.
परवा शुक्रवार. लुगडं धुऊन वाळत घातलंय.