केझाया कुणाची?

सायकॅमोर खोरं, केंटकी

प्रिय लोरेना,

बाबांची तब्येत ठणठणीत आहे, आधीच सांगतो. आपल्या खोऱ्यात वस्ती झाली त्याला यंदा दीडशे वर्षं होतात. मिरवणुकीतली पहिली घोडागाडी सगळ्यात जुन्या घराण्याची, असं चर्चमध्ये ठरलं आणि आमच्या घरातली शांतता संपली. "आपला जोसाया स्टॅम्पर खिंड ओलांडून आला तेव्हा इथे नुसती अस्वलं होती, अन् प्रुइट लोक व्हर्जिनियात घोरत पडले होते," हे बाबा हल्ली कोंबड्यांनासुद्धा ऐकवतात.

पुरावा म्हणून जोसायाची कबर शोधली. ती निघाली नेमकी तुझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे प्रुइटांच्याच कुरणात! तुझ्या लग्नापासून दोघांत बोलणं नाही, हे तुला काय सांगायचं? बाबा कुंपणाशी उभे राहून मला म्हणाले, "त्याला सांग, आम्हाला आत यायचंय." तुझे सासरे एलायजाकाका चार हातांवर, तेही मलाच म्हणाले, "त्याला सांग, बैल मारका आहे." बैल खरंच धावून आला. दोघं म्हातारे एकाच झाडामागे एकमेकांना घट्ट धरून उभे राहिले, तेही न बोलता.

बैल गेल्यावर कबरीपाशी पोचलो, तर जोसायाचा दगड झिजून पार कोरा झालेला. शेजारचा, बायकोचा, शाबूत होता. दोघांनी गुडघे टेकून शेवाळ खरवडलं. 'केझाया, जोसाया स्टॅम्परची पत्नी' एवढं दिसताच बाबा फुलले. खालची ओळ काकांनी साफ केली आणि हसता हसता त्यांची कवळीच निसटली. 'एफ्राइम प्रुइटची कन्या. जन्म याच खोऱ्यात.' म्हणजे जोसाया आला तेव्हा इथे नुसती अस्वलं नव्हती, एक उपवर मुलगीही होती.

"अमोस, अरे तू तर आमच्या लेकीचा वंश!" काका थेट बाबांनाच म्हणाले.

बाबांनी ती ओळ बोट फिरवून पुन्हा वाचली. मग म्हणाले, "तरीच! हा हट्टीपणा आमच्यात आला कुठून, मला कोडंच होतं."

आता दोन्ही घराण्यांची गाडी एकच निघणार आहे. लगाम कुणी धरायचा, यावर रोज कुंपणाशी भांडण होतं, पण समोरासमोर.

हे सगळं लिहायचं कारण वेगळंच. काल जेवताना बाबांनी मान खाली घालून विचारलं, "लोरेनाच्या पोरीचं नाव काय रे?" इतक्या वर्षांत तुझं नाव त्यांनी पहिल्यांदा घेतलं. मला माहीत होतं, तरी म्हटलं, "कोण जाणे." ते पाणी प्यायले. पुन्हा प्यायले. मग म्हणाले, "तर लिही तिला. पोरीला घेऊन ये म्हणावं. तिचं नाव तिच्याच तोंडून ऐकायचंय मला."

तुझाच भाऊ,
वेंडेल