धुरावर जपलेली पुस्तकं

बोईसर,
सोमवार, शाळा सुटल्यावर

प्रिय इंदू,

गेलेल्या माणसाला पत्र लिहिणारी मी काही पहिली नसेन. पण शाळेच्या कागदावर, शाळेच्या शाईने लिहिणारी बहुधा मीच. हसू नकोस. उद्या शाळा समितीची सभा आहे आणि पुस्तकांच्या कपाटाची किल्ली त्यांच्या पुढ्यात ठेवून मोकळं व्हायचं की नाही, ते मला आज ठरवायचंय. अशा वेळी मी तुझ्याशी भांडून घेत असे. भांडण संपेपर्यंत माझं ठरलेलं असायचं. आता खोलीत भांडायला कुणी नाही, म्हणून हा कागद.

दमलेय गं मी. तू गेल्यापासून श्रावण गेला, गणपती गेले, दिवाळी गेली. तारापूरकडे वीजघराचं काम निघाल्यापासून स्टेशनाजवळच्या खोल्यांना भाव आलाय. आपल्या शेजारच्या खोलीत पाच कामगार राहतात आणि पहाटेपासून हिंदीत भांडतात. तुझी खाट घरमालक घेऊन गेला. तुझा भाऊ येऊन ट्रंक घेऊन गेला. छत्री मात्र मी दिली नाही. दाराआड होती, त्याला दिसली नाही, मी दाखवली नाही.

तुझ्यावर रागच आहे माझा. सगळ्या पाड्यांना सांगत फिरायचीस, पाणी उकळून प्या, पाणी उकळून प्या. आणि स्वतः? ज्याने तांब्या पुढे केला त्याच्या घरचं पाणी प्यायचीस. ‘नाही म्हटलं तर त्यांना वाईट वाटतं.’ लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! कावीळ झाली तरी दोनदा डोंगर चढून आलीस. नर्सबाईला कोण सांगणार की झोपून राहा? मी सांगितलं होतं. ऐकलंस?

असो. किल्लीचं सांगते.

तुला आठवतं, पहिल्यांदा शाळेत आलीस ती देवीच्या लसी टोचायला. मुलं रडून झाली, आणि तू हात पुसत पुसत त्या कपाटासमोर उभी राहिलीस. कुलूप बघून म्हणालीस, ‘‘हे काय, देव्हारा आहे का?’’

‘‘ग्रंथालय आहे शाळेचं,’’ मी जरा ताठ्यातच म्हटलं. माझ्याकडेच होतं ना ते!

‘‘वाचतं कोण?’’

‘‘शनिवारी उघडते मी. जी मुलं येतात ती वाचतात.’’

‘‘आणि जी येत नाहीत ती?’’

काय चिडले होते मी! जी येत नाहीत त्यांचं मी काय करणार होते? वरच्या पाड्यावरची पोरं जूनमध्ये आठवडाभर दिसायची. ओढा भरला की बंद. पाणी उतरेस्तोवर भातकापणी, मग दिवाळी, मग आईबापांमागे गवत कापायला. परत येईपर्यंत बाराखडी निम्मी पुसलेली. मी हे नशीब म्हणून सोडून दिलं होतं. तू म्हणालीस, ‘‘माझी पिशवी जाते ना वर दर आठवड्याला? ओढा मला ओळखतो.’’

पुस्तक शाळेबाहेर जाणार नाही, हा आमच्या हेडमास्तरांचा नियम. मी अर्ज लिहायला बसले. तू अर्जबिर्ज काही न करता गवताच्या वखारीवर गेलीस. वखारवाल्या नानांना म्हणालीस, ‘‘तुमचा नातू पहिल्यांदा रडला तो माझ्या हातात. तुमची बैलगाडी पाड्यावर जाते, तिच्यात एक पेटी ठेवायला काय जातं?’’ नाना शाळा समितीवर आहेत, हे तुला पक्कं ठाऊक होतं. मग स्टेशनाजवळच्या शिंप्याला पटवून पुस्तकांसाठी खाकीच्या तुकड्यांच्या पिशव्या शिवून घेतल्यास. पाऊस आत जाऊ नये म्हणून, तुकडा पुरला तेवढ्या एका पिशवीला त्याने आतून मेणकापड लावलं, तेही त्याचं त्यानेच. शाळेचं कपाट, दवाखान्याची पिशवी, वखारीची गाडी आणि शिंप्याची सुई! मी सात वर्षं त्या कपाटापाशी बसले होते, आणि गावात इतकी माणसं आपल्या कामाची आहेत हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

शेवटी हेडमास्तर तुला म्हणाले, ‘‘पण बाई, पुस्तकांचं काही बरंवाईट झालं तर?’’

तू म्हणालीस, ‘‘मी आहे ना!’’

इंदे, मी आहे म्हणालीस. आणि मग?

ज्येष्ठात पेटी वर गेली तेव्हा मीही आले होते तुझ्याबरोबर. लाडक्याच्या झोपडीत पेटी उतरवली. त्याची बायको सोमी, तिने आधी लुगड्याला हात पुसले आणि मग पुस्तक हातात घेतलं. उलटं घेतलं, पण दोन्ही हातांनी. तू तिला म्हणालीस, ‘‘सोमी, बियाण्यासारखं जपा हं.’’ मला ते वाक्य इतकं आवडलं की मी दुसऱ्या दिवशी वर्गात वापरलं. बघ, कशाकशाला भुलतो आपण!

मग तू आठवड्याला जायचीस, गोळ्या वाटायचीस, पोरांना जमवून वाचायचीस. रात्री भाकरी थापता थापता मला सांगायचीस, आज होडीला भोक पडलं, पोरं जेवायला उठेनात. दोन भावंडं होडीतून निघतात, ती गोष्ट. त्या पोरांनी समुद्र पाहिलेला नाही आणि समुद्र इथून हाकेवर आहे, याचं तुला फार हसू यायचं. मला नाही यायचं.

दिवाळीनंतर नानांची गाडी पेटी घेऊन उतरली. मीच निरोप धाडला होता, परत पाठवा म्हणून. तू नव्हतीस, वर जाणारं कुणी नव्हतं. शिपायाने पेटी उघडली आणि शाळाभर धुराचा वास सुटला. पुस्तकं तपकिरी झालेली, कडा काळ्या, बोट लावलं तर काजळी. दोनतीन पुस्तकांच्या पानांचे कोपरे हातातच मोडले. आणि एक पुस्तक कमी.

मग काय विचारतेस! ‘‘चुलीत घालायला दिली होती का पुस्तकं?’’ ‘‘एक जाळलं असेल, नाहीतर विकलं असेल.’’ समितीतले एक म्हणाले, ‘‘अंथरूण पाहून पाय पसरावेत, शाळेनेसुद्धा.’’ नाना गप्प बसले, कारण पेटी त्यांच्याच गाडीतून आली होती आणि बाजारात लोक त्यांना चिडवत होते. हेडमास्तर माणूस वाईट नाहीत गं. भाग तपासनीस आले की उत्तर त्यांना द्यावं लागतं. मला ते हळूच म्हणाले, ‘‘बाई, पाड्यावर पुस्तकं पाठवणं बंद असा ठराव करू. आणि तुम्ही फार दमलाय. किल्ली सभेत टेबलावर ठेवा, मी बघतो.’’

खरं सांगू? बरं वाटलं मला. कुणीतरी म्हणालं, दमलीयस, ठेव आता. इतकं बरं तू गेल्यापासून वाटलं नव्हतं. मी हो म्हणणार होते.

पण राग गिळता येईना. काल रविवार होता. ठरवलं, पाड्यावरच्या ज्या लोकांनी तुझ्या नावाला काळं फासलं त्यांना तोंडावर बोलून यायचं आणि मगच किल्ली द्यायची. लाडक्याची माणसं यंदा लांब गेलेली नाहीत, नानांचंच गवत कापतायत. वखारीवर जाऊन मी नानांना म्हटलं, ‘‘मला वर जायचंय.’’ ते कान खाजवत म्हणाले, ‘‘बसा की. गाडी वर जाताना रिकामीच असते, आणि रिकामी गाडी लई खडखडते.’’ आणि स्वतःही चढून बसले. वाटेतलं कुंभवली मागे पडलं.

पाड्याशी पोचलो तर लाडक्याची बुधी धावत आली. तिसरीतली, नाकात काडी घातलेली, तुझी लाडकी. गाडी थांबायच्या आधीच विचारते, ‘‘बाई, होडी निगली का?’’

मला कळेना. ‘‘कसली होडी?’’ मी खेकसलेच तिच्यावर. ती आत पळाली.

सोमी बाहेर आली. मी जे मनात घोळवत आले होते ते सगळं बोलून टाकलं. पुस्तकं जाळलीत, बाईचं नाव घालवलंत, असं बरंच. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, ‘‘जाललं कुटं, बाय? जपलं. इंदूबाय बोलली ना, बियासारका जपा. आमी तसाच जपलं.’’

आणि मला हाताला धरून आत नेलं. चुलीच्या वर वाशाला नागलीची कणसं टांगलेली, काकडीचं बी पानाच्या पुड्यात बांधून टांगलेलं, एक सुका दुधी. सगळं धुराने काळं. ‘‘बग. धुरावं असला का वालवी नाय, उंदीर नाय, भुंगा नाय. तुजी पुस्तकं इथंच व्हती. पावसाभर.’’

मी वर बघत उभी राहिले. इंदे, तुझंच वाक्य होतं ते, वाशाला टांगलेलं!

‘‘अगं, पण वाचायची ना ती! पोरांनी उघडली का नाहीत?’’

‘‘बी कोन खातं का, बाय?’’ सोमी म्हणाली. ‘‘पोरांना मी हात नाय लावू दिला. इंदूबाय येल, ती काडील, असा बोललू. मंग ती आलीच नाय.’’

हसावं की रडावं? तू असतीस तर हसली असतीस, आधी. शाळेत ती पुस्तकं आम्ही कुलपात जपली आणि इथे यांनी धुरावर जपली. पोरांच्या हाताला दोन्हीकडे तेवढीच लागली. सोमीला मी काय बोलणार? आणि पुस्तकं खराब झाली, हेही खोटं नाही. कितीतरी पानं आता वाचता येणार नाहीत.

मग आठवलं. ‘‘एक पुस्तक कमी आहे, सोमी.’’

‘‘हाय ना. ठेवला हाय.’’ तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. ‘‘सगला बी कोन परत देतं? येक ठेवायलाच लागतं. आन त्यात बायची पट्टी हाय.’’

तिने वाशाची खाकी पिशवी सोडली. आत तेच पुस्तक, होडीचं. मेणकापडामुळे तेवढं बरं राहिलेलं. मध्ये तुझी पट्टी, जखमेला बांधायची, सुती, बोटभर कापलेली. ‘‘बाय बोलली, ही काडू नका, पुडच्या येलेला इथनं वाचू. कुनी काडली नाय.’’

तेव्हा कळलं बुधी काय विचारत होती. तू पट्टी ठेवलीस तिथे होडी खडकात अडकली होती. श्रावणापासून अडकलेली होती ती. तू गेलीस आणि त्या पोरांची होडी तिथेच राहिली. कुणी त्यांना पुढचं सांगितलं नाही. मी सांगू शकले असते गं, चार कोस तर आहे. आलेच नाही.

मग मी दारात उजेडाला बसले आणि पट्टीपासून पुढे वाचायला लागले. आधी बुधी, मग आणखी पोरं, मग बायका. तुझ्यासारखं मला वाचता येत नाही. मी वर्गातल्यासारखं वाचते, कानामात्रा मोजल्यासारखं. एक पोरगा म्हणाला, ‘‘इंदूबाय वाऱ्याचा आवाज काडायची.’’ मग काय, काढला वाऱ्याचा आवाज! या वयात, नानांसमोर! पोरं खिदळली. नाना गवताच्या भाऱ्यावर बसून विडी ओढायची विसरले होते.

परतताना ते म्हणाले, ‘‘बाई, बुधवारी पुन्हा गाडी आहे. नाहीतर रविवार धरा.’’ वखारीशी उतरताना म्हणाले, ‘‘सभेत तुम्ही बोला. मला बोलणं नाय जमत. पण मान हलवीन. जोरात हलवीन.’’

तर असं आहे. शिपाई दोनदा डोकावून गेला, त्याला दार लावायचंय. माझा थकवा काही गेलेला नाही, पाय अजून दुखतायत, आणि तुझ्या जागी दवाखान्यात नवीन नर्स आलेली नाही. आली की पहिल्यांदा तिला चहा पाजणार आणि मग पिशवी दाखवणार.

किल्ली मी टेबलावर ठेवणार नाही. उद्या सभेत सांगीन की पुस्तकं जळली नाहीत, जपली गेली, फार जपली गेली, आणि चूक असलीच तर माझ्या मैत्रिणीच्या एका गोड वाक्याची आहे. पुढच्या वेळी मी सोमीला सांगणार, मळू देत, फाटू देत, पोरांच्या हातात दे. आणि हेडमास्तर विचारतीलच, पुस्तकांचं काही बरंवाईट झालं तर? तेव्हा काय म्हणायचं ते तू शिकवून गेलीयस. मी आहे, म्हणेन. मला ते तुझ्यासारखं झोकात म्हणता येणार नाही, पण म्हणेन.

रविवारी वर जाईन. मग त्याच्या पुढच्या रविवारी. तुझी छत्री आहेच, पावसाळ्यात ओढ्याला तिच्यावरून माझी ओळख पटेल.

होडी खडकातून निघाली, इंदू. किनारा अजून लांब आहे, आणि शीड फाटलंय. तिथे अंधार पडला म्हणून थांबावं लागलं. तुझी पट्टी मी काढली नाही. पुढे सरकवली.

तुझीच,
सुमन