फाटका कान डावाच

तोक्यो, ७ जून

ती. आईस,
चिगुसाचा सा. न. वि. वि.

माझी तब्येत बरी आहे, आणि हो, मी न्याहारी करूनच निघते. फोनवर तू विषय बदलतेस म्हणून हे पत्र.

तुझा ‘नदीपार’ नव्याने येतोय. लग्नाआधी तू जिथे चित्रं काढायचीस, तीच कंपनी तो जुना गेम हाताने पुन्हा रंगवून आणते आहे. मासिकातर्फे मी त्याचा डेमो खेळून आले. पाणी असं केलंय की बोट बुडवावंसं वाटतं. पाणमांजर काठावर येऊन अंग झटकतं, ते तसंच ठेवलंय. भरल्या हॉलमध्ये मी एकटीच मोठ्याने हसले आणि शेजारचे गृहस्थ दचकले.

शेवटी नावं आली. मूळ चित्रे: कुरोसे. बस, एवढंच. तुमच्या वेळी दुसऱ्या कंपनीने माणसं पळवू नयेत म्हणून खरी नावं घालू देत नसत, सगळे टोपणनावं घ्यायचे. तू ‘सुकट’ घेतलंस. आता खरी नावं द्यायचं ठरलं, तर सुकट कोण होती हे कुणी विचारलंसुद्धा नाही!

मी लेखात तुझ्या नावाचं एक वाक्य घातलं, की हे पाणमांजर ओरिहारा मित्सुए यांनी काढलं होतं. छापण्याआधी लेख कंपनीला दाखवायची रीत तुला ठाऊक आहेच. परत आला तेव्हा नेमक्या त्या वाक्यावर लाल रेघ होती. कॅमेरा डुगडुगतो ही तक्रार मात्र त्यांनी राहू दिली. आमचे संपादक हातानो-सान म्हणाले, की पहिल्या नजरेचा लेख म्हणजे पडद्यावर दिसलं तेवढंच. नाव काही पडद्यावर दिसलं नाही.

तेव्हापासून मला झोप नाही. मी खरं लिहिलं की लेक म्हणून लिहिलं? पाणमांजर पूर्ण तुझंच होतं का, की थोडंच? थोडं असेल तर वाक्य मीच खोडीन. मला लिहा-वाचायला तूच शिकवलंस, तेव्हा तपासूनही तूच दे.

बाबांना नमस्कार. उत्तर रागाचं असलं तरी चालेल, माया तेवढी कमी करू नकोस.

तुझी,
चिगुसा


मात्सुए, ११ जून

चि. चिगुसास,
अ. उ. आ.

तुला कुणी सांगितलं होतं हे उद्योग करायला? पाच वर्षांची असताना चुकून शेजाऱ्यांची छत्री घेऊन घरी आलीस, तर माफी मागायला भर पावसात परत गेली होतीस. तीच तू अजून.

विचारलंसच तर सांगते. पाणमांजर सगळं माझं. नदी आणि घरं कुरोसे-सानची, आणि घरं फार सुरेख होती, तेही लिही. लग्न ठरलं की बाईने नोकरी सोडायची असाच तेव्हा शिरस्ता होता. मलाही फुलांचा गुच्छ देऊन निरोप दिला. मी काही रडत बसले नाही, आणि आता नावासाठी तू नोकरी पणाला लावावीस असं मला मुळीच वाटत नाही. खोडून टाक ते वाक्य.

तुझे बाबा दिवसभर तलावात शिंपले काढतात आणि संध्याकाळी टीव्हीसमोर बसून त्या गेमच्या यंत्रावर मासे पकडतात. त्यांना काय म्हणावं? उद्यापासून डेमो सगळ्यांना मिळणार म्हणे. ते मला खेळायला लावणार आहेत. शिंपले वेगळे पाठवते आहे, सार करून पी.

उगाच मनाला लावून घेऊ नकोस, एवढं माझं ऐक.

तुझी,
आई


मात्सुए, १४ जून

चि. चिगुसास,
आशीर्वाद.

मागचं पत्र फाडून टाक.

डेमो खेळले. तू पाणी बघत बसलीस, आणि कान? त्याचा डावा कान फाटका आहे. ते वळलं की या लोकांचा फाटका कान उजवा होतो! परत वळलं की परत डावा! त्या काळी एकाच बाजूचं चित्र काढायचे आणि यंत्र ते आरशातल्यासारखं उलटं करायचं, यंत्रातली जागा वाचायची. मी ऐकलं नाही. दोन्ही बाजू वेगळ्या काढल्या. कुरोसे-सान सगळ्यांदेखत ओरडले होते, की एका कानापायी एवढी जागा खाल्लीस. तरी काढल्या. आणि आज त्यांच्या नावाखाली ते बिचारं एकदा या कानाने फाटकं, एकदा त्या कानाने!

बाबा म्हणाले, अगं, जाऊ दे. मी त्यांच्या हातातून यंत्र काढून घेतलं.

माझं नाव नव्हतं ते मी सोसलं. हे सोसणार नाही. तुझ्या हातानो-सानना सांग, की हे पडद्यावर दिसतं. आणि नाव लिहायचं तर माहेरचं लिही, मिझुओची मित्सुए. चित्रं तिने काढली.

मला भिऊ नकोस, त्यांनाही भिऊ नकोस.

आई


तोक्यो, १० जुलै

ती. आईस,
सा. न. वि. वि.

मी जुनं यंत्र मिळवून दोन्ही गेम शेजारी शेजारी लावले आणि मगच कानाबद्दल लिहिलं. सोबत तुझं माहेरचं नाव. कंपनीकडून पुन्हा लाल रेघ आली. मी हातानो-सानना म्हणाले, की वाक्य राहणार नसेल तर लेखही राहणार नाही. त्यांनी स्वतः डेमो लावला आणि पाणमांजराला डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे वळवत राहिले. मग म्हणाले, की छापतो, पण कंपनी तुला पुन्हा बोलावणार नाही, आणि त्यात मी मध्ये पडणार नाही. मी म्हटलं, चालेल.

अंक निघाला. खरंच, पुढच्या डेमोला सगळ्यांना आमंत्रण आलं, मला नाही. मी आता घरी बसून लोकांनी गेममध्ये हौसेने केलेले बदल खेळते आणि त्यांवर लिहिते. त्यातल्या एकाने तुझा डावा कान ‘नदीपार’च्या डेमोत आधीच बसवलाय, आणि तुझं नावही!

काल कंपनीतून फोन आला. कानाचं तेवढं ज्यांना ठाऊक आहे त्यांचा पत्ता मिळेल का, असं विचारत होते. नाव काही उच्चारलं नाही. मी पत्ता दिला. आई, त्यांच्या पाकिटावर ‘मिझुओची मित्सुए’ असं पूर्ण लिहिलेलं नसेल तर ते उघडू नकोस. पोस्टमनला सांग आणि परत पाठव. दहा वेळा आलं तर दहा वेळा.

सार रोज पिते. तुझी माया आहे तशीच राहो, आणि तुझा हट्टही.

तुझी,
चिगुसा