आईची खुर्ची

बोझेना,
पोलीस दारात उभे आहेत, म्हणून घाईत लिहितोय.

काल दोन तास बर्फ उपसून मी घरासमोर रस्त्यावर गाडीपुरती जागा मोकळी केली आणि नेहमीसारखी खुर्ची मांडून रात्रपाळीला गेलो. खुर्ची दिसली की जागा धरलेली, हे आपल्या गल्लीतलं शेंबडं पोरही जाणतं. सकाळी येतो तर खुर्ची गायब, आणि तिथे शेजारच्या लेशेकची गाडी! माझं डोकंच फिरलं. फावड्याने त्याची काच फोडली. तो धावत आला, तर त्याच्याही तोंडावर हाणलं.

"काझिक, आईशप्पथ, खुर्ची नव्हती रे तिथे!"

"खोटारड्या!" म्हणत आणखी एक ठेवून दिली.

रक्त पुसायला टॉवेल घ्यायला आत आलो, तर खुर्ची टेबलाशी. वर नगरपालिकेचं पत्रक, तू लाल खूण केलेलं: 'रस्त्यावरच्या खुर्च्या शुक्रवारी उचलून नेल्या जातील.' आईची खुर्ची जाऊ नये म्हणून आत आणलीस ना? अगं, एक फोन करायचास.

त्याचे दोन दात फ्रीजमध्ये दुधाच्या कपात आहेत. त्याला हॉस्पिटलात नेलंय, तिथे लगेच नेऊन दे, म्हणजे डॉक्टरांना परत बसवता येतील.

त्याच खुर्चीवर बसून लिहितोय. तिचे पाय पार कोरडे आहेत, म्हणजे ती रात्रीपासूनच आत होती, लेशेक खरंच बोलत होता.

काझिक