चुलीचे कलम

नोव्हेंबरात लिहिलेल्या माझ्या मृत्युपत्रात एक चूक आहे, ती आधी दुरुस्त करते. आई साबिरा शहराच्या धुराने गेली, असे मी तिथे लिहिले होते. गाड्या, कोळसा, कचऱ्याचे ढीग, सगळ्यांना दोष दिला. आमच्या घराचे नाव घातले नाही. तिच्या उशाशी असलेल्या चुलीत तीन हिवाळे नायलॉनच्या चिंध्या जळत होत्या. शिवणकारखान्यातून त्या पोत्यांनी आणणारी मीच.

मी, ऐझिरेक, तोक्तोबेक यांची मुलगी, वय सव्वीस, राहणार बिश्केक, पूर्ण शुद्धीवर आहे आणि माझ्यावर कोणाचा दाब नाही. सोमवारी, २० जानेवारीला माझ्या फुप्फुसावर शस्त्रक्रिया आहे. म्हणून आजचे पत्र खरे, आधीचे रद्द.

माझे शिवणयंत्र माझ्या कारखान्यातल्या मैत्रिणीला, मीरिमला. त्याचा पट्टा सैल आहे. तिला सांगितले आहे, तरी इथेही लिहिते. साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणतात, म्हणून निळा कोट शेजारच्या बुरुल एजेंना (थोरल्या बाईला आम्ही एजे म्हणतो) आजच दिला. कारखान्यातल्या मुकादमबाईंना काही नाही. मी पोते नको म्हटले की त्या म्हणायच्या, "फुकटची ऊब आहे, घे की. तुझ्या घरी काय राजे राहतात?" मी घेत राहिले. एक पोते बुरुल एजेंनाही देत राहिले, उपकार म्हणून.

वडिलांसाठी विजेचा हीटर आणला आहे. तो खोक्यातच आहे. जोडे घालतानाही त्यांना धाप लागते, पण चूल सोडवत नाही. ती आईने स्वतःच्या हातांनी लिंपली होती. मी शाळेत जाण्याआधी तिच्याच राखेत तिने माझ्याकडून अक्षरे गिरवून घेतली.

आई गेल्यापासून दर गुरुवारी मी तिच्या नावाने बोर्सोक, म्हणजे कणकेचे छोटे तुकडे, तळते. तळणाचा वास वर गेला की गेलेल्यांचे पोट भरते. पण जानेवारीत इथे काहीच वर जात नाही. धूर छपरांवर झाकणासारखा बसतो, डोंगर दिसत नाहीत, वास अंगणातच घुटमळतो. मग धुराड्यातून खोकला येतो. वारा असेल. पण खोकण्याआधी आई क्षणभर थांबायची, तसा तोही थांबतो.

वडीलही ऐकतात. चूल फोडू या म्हटले तेव्हा ते म्हणाले, "मग ती येऊन बसेल कुठं, पोरी?"

म्हणून आधीच्या पत्रात कलम घातले होते: माझ्या पश्चात चूल फोडावी. काल ते बुरुल एजेंना वाचून दाखवले, आणि चिंध्यांचेही सांगितले. त्या म्हणाल्या, "तू गेल्यावर तुझा बाप त्या चुलीला हात लावू देईल होय? मग तर तिथं तुम्ही दोघी बसलेल्या असाल."

उठून घरी गेल्या आणि त्यांच्याकडे उरलेले पोते परत आणून दारात ठेवले.

ते कलम मी खोडत आहे. हे काम मागे ठेवण्यासारखे नाही. गुरुवारी जर्दाळूच्या सुक्या लाकडावर शेवटचे बोर्सोक तळीन, आईला काय ते सांगीन, आणि चूल निवू देईन.

साक्षीदार: बुरुल (सही), त्यांचे यजमान कुबानिच (सही)
लिहून देणार: ऐझिरेक (सही)
बिश्केक, रविवार, १२ जानेवारी २०२५

चूल मी स्वतः फोडणार तो दिवस: शुक्रवार, १७ जानेवारी २०२५.